टर्कॉइज किलीफिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृद्धत्वाच्या संशोधनात गेली वीस वर्षे ज्या माशाचे नाव सतत ऐकू येते, त्या टर्कॉइज किलीफिशविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी मत्स्यपालक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रयोगशाळेपेक्षा या माशाच्या मूळ डबक्यावर अधिक भर दिला आहे, कारण ते डबके समजल्याखेरीज त्याचे आयुष्य इतके तोकडे का, हे कळत नाही.

हा मासा नेमका कोणता आणि तो दिसतो कसा?

नोथोब्रँकियस फर्झेरी हे त्याचे शास्त्रीय नाव. घरोघरच्या काचेच्या टाकीत दिसणारा गप्पी ज्या गणातला, त्याच सायप्रिनोडॉन्टिफॉर्मिस गणातला हा मासा आहे. पूर्ण वाढलेला नर साधारण पाच-सहा सेंटिमीटर लांब असतो. त्याचे खवले निळसर हिरवे असून प्रत्येक खवल्याला तांबूस कड असते, त्यामुळे अंगावर जाळी विणल्यासारखी दिसते. शेपटीचा पर काही नरांत लालभडक, तर काहींत पिवळा आणि काळ्या किनारीचा असतो. हे दोन्ही रंग एकाच प्रजातीचे आहेत आणि काही ठिकाणी एकाच डबक्यात दोन्ही रंगांचे नर आढळतात. मादी मात्र लहान, फिकट तपकिरी आणि जवळजवळ पारदर्शक परांची असते. गढूळ पाण्यात ती सहसा नजरेस पडत नाही, आणि तिचा जीव वाचण्यामागे हेही एक कारण आहे.

तो कुठे सापडतो?

झिंबाब्वेचा आग्नेय कोपरा आणि त्याला लागून असलेला दक्षिण मोझांबिक, एवढेच त्याचे घर आहे. साव्हे आणि लिंपोपो या दोन मोठ्या नद्यांच्या आसपासचा हा सखल, उष्ण आणि गवताळ सवानाचा प्रदेश आहे. तिथे पाऊस दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे थंडी असते त्या महिन्यांत पडतो. पडला तरी त्याचा भरवसा नसतो. समुद्राकडच्या भागात तो बऱ्यापैकी होतो, पण आत झिंबाब्वेच्या दिशेने जावे तसतसा कमी आणि लहरी होत जातो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

त्याची नोंद केव्हा आणि कशी झाली?

१९६८ साली झिंबाब्वेतील, म्हणजे त्या वेळच्या ऱ्होडेशियातील, गोनारेझोऊ अभयारण्याच्या एका डबक्यातून हे मासे पहिल्यांदा गोळा करण्यात आले. १९७१ मध्ये रेक्स जब यांनी प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ते मासे गोळा करणाऱ्यांपैकी रिचर्ड फर्झर यांचे नाव तिला दिले. त्या पहिल्या माशांची संतती हौशी मत्स्यपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ‘जीआरझेड’ (गोनारेझोऊचे संक्षिप्त रूप) या नावाने ओळखला जाणारा वाण त्यातूनच आला आहे. हौशी माणसांनी घरच्या टाक्यांत हे मासे तीन दशके टिकवले नसते, तर वृद्धत्वाच्या अभ्यासाचे हे दालन कदाचित उघडलेच नसते. या माणसांचे ऋण विज्ञानाच्या इतिहासात फारसे नोंदले जात नाही, म्हणून ते इथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

२००३ साली स्तेफानो वाल्देसालीची आणि अलेस्सांद्रो चेल्लेरिनो या इटालियन संशोधकांनी याच वाणाचे आयुर्मान मोजून प्रसिद्ध केले. उत्तम खाद्य आणि स्वच्छ पाणी मिळूनही हे मासे सुमारे तीन महिन्यांत मरत होते. पाठीचा कणा असलेला आणि टाकीत पैदास करता येणारा इतका अल्पायुषी प्राणी तोवर कोणालाही ठाऊक नव्हता.

ज्या डबक्यात तो राहतो, ते असते तरी कसे?

लांबून पाहणाऱ्याला त्यात काही विशेष दिसणार नाही. पावसाने भरलेला उथळ खळगा, चहासारखे गढूळ पाणी, कडेला गवत, कुठे कमळाच्या जातीची पाने आणि पाणी प्यायला येणारी गुरे किंवा रानटी जनावरे, असा हा परिसर असतो. खोली बहुधा मीटरभरापेक्षा कमीच असते. दिवसा पाणी चांगलेच तापते आणि रात्री निवते. नदीशी संबंध नसल्यामुळे, किंवा तो फक्त मोठ्या पुरात येत असल्यामुळे, इतर मासे तिथे जवळपास नसतातच. जे असतात, त्यांत बरेचदा किलीफिशचेच भाऊबंद आणि चिखलात गाडून घेऊन कोरडा हंगाम काढणारा आफ्रिकी फुप्फुसमासा असतो.

मात्र पावसाने भरलेल्या प्रत्येक खळग्यात किलीफिश सापडत नाही. सापडेल की नाही, हे तळाच्या मातीवर ठरते. ती माती स्मेक्टाइट गटातील चिकणमातीने भरलेली, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आकसून भेगाळणारी असावी लागते. मृदाशास्त्रात अशा जमिनीला व्हर्टिसॉल म्हणतात. मराठवाड्यातली, विदर्भातली काळी कसदार जमीन याच वर्गातली आहे. उन्हाळ्यात काळ्या रानात पाऊल अडकेल अशा भेगा पडलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला किलीफिशच्या डबक्याचा कोरडा तळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाणी धरून ठेवायचे आणि आटल्यावर पुन्हा हवा आत घ्यायची, ही दोन्ही कामे ही माती करते. अंड्यांना या दोन्हींची गरज असते.

पाणी आटल्यावर मासे कुठे जातात?

कुठेही जात नाहीत. सगळे मरतात. फुप्फुसमाशाप्रमाणे चिखलात तग धरण्याची कोणतीही सोय या माशाकडे नाही. त्या डबक्यातली प्रजाती त्यानंतर केवळ अंड्यांच्या रूपाने, गाळात काही सेंटिमीटर खोल पुरलेली असते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तशीच राहते. वर्षातील कितीतरी महिने त्या भागात या प्रजातीचा पोहणारा एकही जीव नसतो.

अंड्याचा आकार मिलिमीटरभर असतो आणि त्याचे कवच जाड असून त्यावर बारीक केसांसारखे उंचवटे असतात. पण कवचापेक्षा महत्त्वाची आहे ती आतल्या गर्भाची वाढ थांबवण्याची क्षमता. तिला डायपॉज म्हणतात. गर्भ असे तीन टप्प्यांवर थांबू शकतो. पहिला थांबा अगदी सुरुवातीला येतो. गर्भाच्या पेशी एकत्र येऊन शरीराची आखणी करण्याऐवजी बलकाच्या पृष्ठभागावर विखुरतात आणि तशाच राहतात. डबक्यात पाणी असते तोवर तळाच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे ताजी अंडी बहुधा याच अवस्थेत पडून असतात, असे अभ्यासक मानतात. दुसरा थांबा साधारण मध्यावर येतो. तोवर मेंदू आणि डोळ्यांची जडणघडण सुरू झालेली असते, पाठीच्या स्नायूंचे सुमारे ३८ खंड तयार झालेले असतात आणि हृदयही धडधडू लागलेले असते. या थांब्यात हृदयाचे ठोके विलक्षण मंदावतात, पेशींचे विभाजन थांबते आणि गर्भ महिनोन्‌महिने त्याच स्थितीत राहू शकतो. तिसऱ्या थांब्यात पिल्लू पूर्ण तयार होऊन, मोठ्या डोळ्यांसह अंड्यात वेटोळे करून बसलेले असते. मग त्याला फक्त पाणी हवे असते.

म्हणूनच या माशाला केवळ ‘तीन महिने जगणारा’ म्हणणे मला अर्धवट वाटते. गर्भावस्था धरली, तर एखाद्या माशाचे एकूण आयुष्य सहज वर्षाच्या पुढे जाते आणि त्यातला बहुतांश काळ तो मातीत असतो. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ॲन ब्रुनेट यांच्या गटाने दाखवून दिले की डायपॉजमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या गर्भांना त्याची किंमत पुढे मोजावी लागत नाही, कारण त्यांची वाढ, त्यांची प्रजननक्षमता आणि त्यांचे प्रौढ आयुष्य इतरांसारखेच असते. काळ जातो, पण शरीर झिजत नाही. प्रौढपणी इतक्या झपाट्याने म्हातारा होणाऱ्या जिवाला गर्भावस्थेत मात्र म्हातारपण रोखून धरता येते, आणि या प्रजातीत याहून नवलाची गोष्ट मला तरी दुसरी दिसत नाही.

सगळी अंडी पहिल्याच पावसात फुटतात का?

नाही, आणि तसे झाले असते तर ही प्रजाती कधीच संपली असती. सवानात एखादी अवेळी सर पडते, डबके चार-आठ दिवस भरते आणि पुन्हा कोरडे होते. त्या वेळी फुटलेल्या अंड्यांतले पिल्लू वयात येण्याआधीच मरते. एकाच मादीची अंडी एकाच मातीत असूनही वेगवेगळ्या गतीने वाढतात, काही मधला थांबा घेतात तर काही तो गाळून थेट पुढे जातात. तापमान जास्त असेल तर थांबा न घेणाऱ्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे पाऊस केव्हाही आला तरी थोडी अंडी तयार असतात आणि थोडी पुढच्या संधीसाठी शिल्लक राहतात. कोरडवाहू शेतकरी सगळे बियाणे पहिल्याच पावसावर पेरून टाकत नाही, तसाच हा हिशेब आहे.

अंड्यातून बाहेर पडल्यावर वाढ किती वेगाने होते?

पाणी मिळताच तयार पिल्ले थोड्याच वेळात बाहेर येतात. ती जेमतेम पाच मिलिमीटर लांब असतात आणि ताबडतोब खाऊ लागतात. त्यानंतरचा वेग थक्क करणारा असतो, कारण अनुकूल स्थितीत हा मासा दिवसाला दोन मिलिमीटरांहून अधिक वाढू शकतो. प्रयोगशाळेत तो तीन-चार आठवड्यांत वयात येतो. मोझांबिकमधील नैसर्गिक डबक्यांत मात्र, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अंड्यातून बाहेर पडल्यापासून केवळ १४ ते १५ दिवसांत मासे प्रजननक्षम झालेले आढळले. पृष्ठवंशी प्राण्यांत इतक्या लवकर वयात आल्याची दुसरी नोंद नाही. सहसा पाळलेला प्राणी चांगल्या खुराकामुळे रानातल्यापेक्षा लवकर वाढतो, इथे मात्र नैसर्गिक डबके पुढे जाते.

रानातल्या माशाचे वय इतक्या अचूक दिवसांत कसे समजते?

माशाच्या कानात चुनखडीचा एक सूक्ष्म खडा असतो आणि त्यावर दररोज एक थर चढतो. तो खडा काढून, घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की झाडाच्या वर्षवलयांप्रमाणे त्याची दिवसवलये मोजता येतात. या मोजणीतून असे दिसले की एका डबक्यातले बहुतेक सर्व मासे काही दिवसांच्या अंतराने जन्मलेले, जवळजवळ एकाच वयाचे असतात. ते एकत्र जन्मतात, एकत्र वयात येतात आणि पाणी संपले की एकत्र मरतात. आई-बाप आणि पोरे यांची कधी गाठच पडत नाही.

प्रजनन कसे होते?

वयात आल्यापासून मरेपर्यंत जवळजवळ रोज. नर मादीजवळ येऊन तिला तळाशी थोपवतो, पाठीचा पर तिच्या अंगावरून दुमडून घेतो, दोघांची शरीरे क्षणभर थरथरतात आणि एक अंडे गाळात सोडले जाते. एका वेळी एकच अंडे. हीच क्रिया दिवसात अनेकदा होते आणि अशी दिवसाला वीस-तीस किंवा त्याहून बरीच जास्त अंडी पडतात. अंड्यांची राखण कोणीही करत नाही. डबके केव्हा आटेल याची खात्री नसल्यामुळे अंडी साठवून एकदम घालण्यापेक्षा रोज थोडी थोडी पुरत जाणे शहाणपणाचे ठरते.

तो काय खातो आणि त्याला कोण खाते?

पाण्यातले बारीक कवचधारी जीव, म्हणजे डॅफ्निया आणि तत्सम प्राणी, तसेच कीटकांच्या अळ्या हे त्याचे मुख्य खाद्य. त्याला खाणाऱ्यांत बगळ्यांच्या जातीचे पक्षी आणि मोठे पाणढेकूण येतात. भडक रंगाचे, सतत हालचाल करणारे आणि एकमेकांशी भांडणारे नर आधी बळी पडतात, त्यामुळे हंगाम पुढे सरकतो तसे डबक्यातले नरांचे प्रमाण घटत जाते आणि अखेरीस माद्याच जास्त उरतात.

डबके आटते म्हणून तो मरतो, की म्हातारा होऊन मरतो?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक गोंधळ होणारा प्रश्न हाच आहे. रानात बहुतेक मासे शिकारीने, रोगाने किंवा पाणी आटल्याने मरतात. काही डबकी महिन्याभरातच कोरडी होतात, काही तीन-चार महिने टिकतात. पण टाकीत पाणी कधीच आटत नाही, शत्रू नसतात, रोज ताजे खाद्य मिळते, तरीही तो काही महिन्यांतच जातो. म्हणजे अल्पायुष्य बाहेरून लादलेले नाही, ते त्याच्या शरीरातच मुरलेले आहे. डबक्याने त्या शरीराला हजारो पिढ्यांत घडवले आहे आणि आता डबके काढून घेतले तरी तो घाट बदलत नाही.

पण मग कमी जगण्याचा फायदा काय?

कमी जगण्याचा काहीही फायदा नाही. फायदा आहे तो लवकर वयात येण्याचा. मरणे हा प्रजातीसाठी केलेला त्याग आहे किंवा शरीरात मृत्यूचे घड्याळ मुद्दाम बसवलेले आहे, अशी मांडणी अनेक लेखांत दिसते. ती आकर्षक आहे, पण चुकीची आहे.

उत्क्रांतीच्या दृष्टीने विचार केला तर गोष्ट अधिक साधी आहे. एखादा जनुकीय दोष पिल्लाला अपाय करत असेल, तर ते पिल्लू संतती न देता मरते आणि दोषही त्याच्याबरोबर संपतो. पण जो दोष चौथ्या-पाचव्या महिन्यात अपाय करतो, त्याला नैसर्गिक निवड कशी गाळणार? त्या वयापर्यंत डबक्यात कोणी जिवंतच नसते. असे दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत राहतात, कारण त्यांची परीक्षा घेणारा दिवस कधी उगवतच नाही. कोलोनच्या माक्स प्लांक वृद्धत्व जीवशास्त्र संस्थेत दारिओ व्हालेंझानो यांच्या गटाने २०१९ मध्ये अनेक किलीफिश प्रजातींचे जनुकसंच तपासले, तेव्हा हंगामी डबक्यांत राहणाऱ्या प्रजातींत हानिकारक उत्परिवर्तनांचा साठा कायम पाण्यात राहणाऱ्या भाऊबंदांपेक्षा जास्त आढळला. दीर्घ काळ तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या लहान समूहांतही निवडीचा चाप सैल होतो, हे त्याचे दुसरे कारण आहे.

आता पावसाच्या त्या फरकाकडे परत जाऊ. एकाच प्रजातीत, झिंबाब्वेच्या कोरड्या टोकाकडून आलेला जीआरझेड वाण सर्वांत अल्पायुषी ठरला, तर मोझांबिकच्या तुलनेने ओल्या भागातून २००४ नंतर आणलेले वाण त्याच टाक्यांत, त्याच खाद्यावर त्याहून बरेच जास्त जगले. चेक विज्ञान अकादमीच्या ब्रनो येथील मार्टिन रायखार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर किलीफिश प्रजातींतही कोरड्या आणि ओल्या भागांतल्या समूहांची अशी तुलना केली, तेव्हाही कोरड्या भागातले मासे कमी जगतात असाच कल दिसला. जिथे डबके जास्त टिकते, तिथे शरीरही जास्त टिकते. मला या माशाविषयी एकच वाक्य सांगायची मुभा असती, तर मी हेच सांगितले असते.

जगातला सर्वांत अल्पायुषी पृष्ठवंशी प्राणी हाच का?

नाही. प्रवाळांत राहणारा एव्हिओटा सिजिलाटा हा इवलासा गोबी मासा जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यासात आढळले आहे. टर्कॉइज किलीफिशचे वैशिष्ट्य एवढेच की प्रयोगशाळेत सहज पैदास करता येणाऱ्या पृष्ठवंशी प्राण्यांत तो सर्वांत अल्पायुषी आहे.

म्हातारपणी त्याच्यात काय बदल होतात?

जे आपल्याकडे वर्षानुवर्षे होते, ते इथे काही आठवड्यांत डोळ्यांसमोर घडते. रंग विटतो, अंग रोडावते, पाठीचा कणा वाकतो आणि पोहण्यातला जोम जातो. कापलेला पर तरुण माशात पूर्ववत उगवतो, म्हाताऱ्यात तो अपुरा राहतो. शिकण्याची क्षमता घटते. पेशींत लिपोफ्युसिन नावाचे, वयाबरोबर साचणारे रंगद्रव्य वाढते. यकृतातल्या गाठींचे प्रमाण विशेष मोठे आहे आणि जपानमधील संशोधकांनी मेंदूत पार्किन्सन रोगाशी साम्य असलेली झीज नोंदवली आहे. थोडक्यात, हा मासा एखाद्या विशिष्ट रोगाने अचानक मरत नाही, तर सर्वांगाने म्हातारा होतो आणि म्हणूनच तो अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

उंदीर आणि झेब्राफिश असताना याची गरज काय?

वेळेची. उंदीर दोन-तीन वर्षे जगतो, झेब्राफिश त्याहूनही जास्त. एखाद्या औषधाने आयुष्य वाढते का, हे उंदरांवर पाहायचे तर संशोधकाच्या कारकिर्दीचा मोठा तुकडा खर्ची पडतो. गोलकृमी आणि फळमाशी अल्पायुषी आहेत खऱ्या, पण त्यांना ना पाठीचा कणा, ना आपल्यासारखी रोगप्रतिकारशक्ती. किलीफिशमध्ये मेंदू, यकृत, हृदय, रक्त ही सगळी व्यवस्था आपल्या ओळखीची आहे आणि प्रयोग काही महिन्यांत पुरा होतो.

त्यातून आतापर्यंत काय हाती लागले?

२००६ साली रेस्व्हेराट्रॉल हे द्राक्षांतही आढळणारे संयुग खाद्यातून दिल्यावर माशांचे आयुष्य वाढलेले दिसले. तापमान थोडे कमी ठेवल्यानेही ते वाढते. मात्र हे निष्कर्ष थेट माणसाला लावणे योग्य नाही, हे कोणत्याही प्रामाणिक संशोधकाला मान्य असेल. २०१५ हे वर्ष निर्णायक ठरले. जर्मनीतील येना येथील फ्रित्स लिपमन संस्थेच्या आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटांनी एकाच वेळी या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यात गुणसूत्रांच्या १९ जोड्या असून नर-मादी ठरवणारी गुणसूत्रे माणसाप्रमाणे एक्स-वाय पद्धतीची आहेत. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये क्रिस्पर या जनुकबदलाच्या तंत्राने टेलोमरेज हे, गुणसूत्रांची टोके शाबूत राखणारे विकर निकामी केलेले मासे तयार झाले, आणि गुणसूत्रांची टोके आखूड झाल्याचे दुष्परिणाम विलक्षण लवकर दिसू लागले.

मला सर्वांत रोचक वाटतो तो २०१७ चा प्रयोग. मध्यमवयीन माशांच्या आतड्यातले जिवाणू प्रतिजैविकांनी काढून टाकून तिथे तरुण माशांच्या आतड्यातले जिवाणू रुजू दिले, तेव्हा ते मासे अधिक काळ जगले आणि म्हातारपणीही अधिक चपळ राहिले. वयाच्या खुणा केवळ पेशींतच नसतात, शरीरात वस्तीला असलेल्या सूक्ष्मजीवांतही असतात, याची ही ठोस साक्ष आहे.

टाकीतला मासा आणि रानातला मासा सारखेच मानावेत का?

सावधपणे. जीआरझेड हा वाण एकाच डबक्यातून आलेला, अर्धशतकाहून अधिक काळ जवळच्या नात्यात पैदास झालेला आहे, त्यामुळे त्यातले मासे जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखे आहेत. प्रयोगासाठी ही सोय असते, पण त्याच्या निष्कर्षांना सरसकट ‘किलीफिशचे वृद्धत्व’ म्हणणे घाईचे ठरेल. शिवाय टाकीचे तापमान स्थिर असते, डबक्याचे नसते. नर भांडू नयेत म्हणून प्रौढ मासे अनेकदा एकेकटे ठेवले जातात, तर डबक्यात गर्दी असते. अंडी ओलसर पीट किंवा नारळाच्या काथ्यावर ठरावीक तापमानात ठेवली जातात, काळ्या मातीच्या भेगांत नव्हे. म्हणून प्रयोगशाळांनी मोझांबिकमधील समूहांपासून आलेले वाणही वापरात ठेवावेत आणि मूळ डबक्यांचा अभ्यास सुरू राहावा, हा आग्रह मला रास्त वाटतो. डबके बुजवून तिथे रस्ता किंवा शेत झाले, तर त्या मातीतली अंडी कायमची जातात आणि त्यांच्याबरोबर त्या समूहाचा वेगळा जनुकीय वारसाही जातो.

एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात तो पोहोचतो कसा?

मोठा पूर आला की शेजारची डबकी एकमेकांना जोडली जातात, हा मुख्य मार्ग. हत्ती आणि रानरेडे चिखलात लोळतात, त्यांच्या अंगाला चिकटलेल्या गाळातून अंडी जात असावीत असाही एक तर्क आहे. पण एकंदर प्रसार फारच मंद आहे. वेगवेगळ्या डबक्यांतील समूह जनुकीयदृष्ट्या ठळकपणे भिन्न आहेत आणि मोठ्या नद्या त्यांच्यातल्या सीमा ठरतात. साव्हे नदीच्या उत्तरेस तर नोथोब्रँकियस काडलेकी ही वेगळी, पण सर्वांत जवळची प्रजाती राहते.

भारतात असे मासे आहेत का?

किलीफिश आहेत, हंगामी किलीफिश नाहीत. कोकण-गोव्याच्या ओढ्यांत आणि तळ्यांत पृष्ठभागालगत फिरणारे, डोक्यावर चमकदार ठिपका असलेले ॲप्लोकायलस वंशाचे मासे हे त्याचे दूरचे नातलग आहेत, पण ते बारमाही पाण्याचे रहिवासी असून त्यांची अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने राहत नाहीत. जगण्याची तीच युक्ती आपल्याकडे पाहायची असेल, तर पावसाळ्यात सह्याद्रीच्या कातळसड्यांवरची उथळ पाणसाठवण पाहावी. तिथे उलटे पोहणारी परीकोळंबी, म्हणजे फेअरी श्रिंप, काही आठवड्यांत वाढते, अंडी घालते आणि मरते. तिची अंडी मग उन्हाळाभर तापलेल्या कातळावरच्या चिमूटभर मातीत टिकून राहतात. आफ्रिकेतल्या किलीफिशच्या डबक्यांतही परीकोळंबीचे भाऊबंद राहतात.

डास कमी करण्यासाठी हा मासा आपल्याकडच्या डबक्यांत सोडता येईल का?

कृपया सोडू नये. मूळ डबक्यांतल्या माशांच्या पोटातील अन्न तपासले असता डासांच्या अळ्यांचा वाटा किरकोळ आढळला, त्यामुळे अपेक्षित फायदाच शंकास्पद आहे. डास खाईल म्हणून गॅम्बुसिया हा अमेरिकी मासा जगभर आणि भारतातही सोडला गेला. त्याने स्थानिक मासे आणि बेडकांची पिल्ले यांचे किती नुकसान केले, हे आता सर्वज्ञात आहे. डासांच्या अळ्या खाणारा मासा हवाच असेल, तर वर सांगितलेला स्थानिक ॲप्लोकायलस तेच काम करतो. तोही शक्यतो त्याच परिसरातल्या ओढ्यातला असावा.